गावाला एकशे पंधरा ताप

आमच्या घरात पारा दोन ठिकाणी राहायचा. एक आईच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, कापसात गुंडाळलेल्या थर्मामीटरमध्ये. आणि दुसरा घरापासून शंभर पावलांवर, भाऊंच्या पांढऱ्या पेटीत. भाऊ म्हणजे माझे वडील. पारोळ्याच्या बाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सरकारी बियाण्याचं शेत होतं, तिथे ते नोकरीला होते. बाकीच्या दहा कामांत त्यांचं एक काम असं होतं की रोज सकाळी पेटी उघडायची, आत बघायचं आणि आकडे वहीत लिहायचे. पेटी चार पायांवर उभी होती, माझ्या छातीइतकी उंच. चारी बाजूंनी तिरक्या लाकडी पट्ट्या, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. दार उत्तरेला, कारण त्या बाजूने सूर्य आत डोकावत नाही. आत चार नळ्या होत्या. त्यातल्या एकीच्या गळ्यात बारीकशी अडचण केलेली होती. पारा वर चढायचा, पण आपण होऊन खाली यायचा नाही. काल दुपारी जिथवर चढला तिथेच तो आज सकाळपर्यंत थांबायचा, कुणीतरी येऊन बघेपर्यंत. मग भाऊ नळी काढून झटकायचे, आई ताप बघून झाल्यावर थर्मामीटर झटकायची तशीच. मला त्या नळीचं फार नवल वाटायचं. दुपार कधीच निघून गेलेली असते, आपण झोपून उठलेलो असतो, जेवलेलो असतो, आणि ही आपली कालची दुपार धरून बसलेली. नवल आजही वाटतं, पण आता कुणाला सांगायला गेलं की लोक मोबाईलमध्ये तापमान दाखवतात.

आमच्याकडचा मे महिना अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पहाटे आई उठून चुलीवर मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ शिजवायची. उजाडायच्या आत अंगणातल्या खाटांवर ओली धोतरं पसरून त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, थापायच्या, कारण नऊ वाजले की हाताला चटका. आसपासच्या चार बायका मदतीला यायच्या, त्यांच्या बांगड्या आणि गप्पा दोन्ही एका तालात चालायच्या. आम्हा पोरांना मधेच पातेल्यातलं गरम पीठ वाटीत मिळायचं, वर तेल आणि तिखट. त्याच्यापुढे मला कुठलंही पक्वान्न फिकं वाटतं. दहानंतर घराची दारं लागायची. जेवण म्हणजे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, ताक. आणि मग सगळं गाव गप्प. रस्त्यावरून एखादी एसटी गेली तर तिचा आवाज खूप लांबपर्यंत ऐकू यायचा. दुपारी बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आईचा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं.

हा कायदा फक्त अक्काला लागू नव्हता. अक्का भाऊंची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, एक मुलगा होता तोही गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. घरातली म्हैस तिची. भर दुपारी ती डोक्याला पदर गुंडाळून गोठ्यात जायची, हौदात गोणपाटं बुडवायची आणि म्हशीच्या पाठीवर टाकायची. ती वाळली की पुन्हा बुडवायची. "मुका जीव शे," म्हणायची, "तो कोनले सांगी?" आईने कितीही सांगितलं तरी ऐकायची नाही.

त्या वर्षी माझी आठवीची परीक्षा संपली आणि भाऊंना ताप भरला. पारोळ्याचे डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, तीन आठवडे उठायचं नाही. भाऊ खाटेवर पडले, पण त्यांचा जीव पेटीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"नंदा, रोज सकाळी साडेसातला. डोळा पाऱ्याच्या बरोबरीत आणायचा, वरून बघायचं नाही, खालून बघायचं नाही. श्वास नळीवर सोडायचा नाही. दिसेल ते लिहायचं. दिसेल तेच."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं म्हणून लिहायचं. पेटी खोटं बोलत नाही, बेटा. तिच्या वतीने आपण बोलायचं नाही."

मला काय झालं ते सांगू? शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही झालं नव्हतं तेवढं. पहिल्या सकाळी मी त्या दाराची कडी काढली. पारा शेहेचाळीसच्या रेघेवर बसला होता, आणि मी, तेरा वर्षांची परकरी पोर, सगळ्या पारोळा गावाची कालची दुपार वाचत होते.

संध्याकाळी भाऊंचा ताप जरा उतरायचा तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसायचे. एकदा विचारलं, "भाऊ, तुम्हाला ताप एकशे तीन, आणि गावाला नुसता शेहेचाळीस. मग गाव तुमच्यापेक्षा गार आहे का?" भाऊ हसले. आईच्या थर्मामीटरची मोजपट्टी वेगळी आणि पेटीची वेगळी, म्हणाले. मग धुळ्याला प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं, मधेच पाणी पीत, मधेच डोळे मिटून. आधी नळ्या आल्या, आकडे नंतर आले. पहिल्या नळ्यांत पाणी नाहीतर दारू असायची, आणि त्या बघून एवढंच कळायचं की आज कालच्यापेक्षा जास्त गरम आहे. जो तो कारागीर आपल्या मनाने खुणा करायचा. एकाचे वीस ते दुसऱ्याचे किती, देव जाणे. मग फॅरनहाइट नावाचा एक काचेचा कारागीर निघाला, त्याने नळीत पारा भरला. बर्फात मीठ कालवून जी थंडी मिळाली तिला त्याने शून्य म्हटलं, आणि माणसाच्या अंगाची ऊब शहाण्णवावर धरली. पुढे लोकांनी ती सुधारून घेतली. नंतर सेल्सिअस नावाचे एक पंडित आले. त्यांनी पाण्यालाच साक्षीदार केलं. पाणी गोठतं ती एक खूण, उकळतं ती दुसरी, मधे शंभर घरं. "पण गंमत बघ," भाऊ म्हणाले, "त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य दिलं होतं आणि बर्फाला शंभर! नंतरच्यांनी पट्टी उलटी केली."

माणसाला गरम होतं आणि थंडी वाजते हे माणूस झाल्यापासून ठाऊक. पण किती, हे एकमेकांना सांगता यावं म्हणून परक्या मुलखातली माणसं काच फुंकत, बर्फ कुटत, भांडत, चुकत बसली होती, आणि त्यांच्या त्या खटपटीचा शेवट आमच्या म्हशीच्या गोठ्यामागच्या पांढऱ्या पेटीत होत होता. अंगावर काटा आला माझ्या. त्या उकाड्यात.

भाऊंनी मला एका पट्टीतून दुसरीत जायची रीतही शिकवली. पेटीचा आकडा नऊने गुणायचा, पाचने भागायचा, बत्तीस मिळवायचे. नवं शिकलेलं पोटात राहत नाही. मी पाटीवर हिशेब केला आणि तशीच गोठ्यात पळाले. अक्का धार काढत होती.

"अक्का, भाऊंना एकशे तीन आहे ना? आपल्या गावाला ठाऊक आहे किती आहे? एकशे पंधरा!"

अक्काचे हात थांबले. "कितला?"

"एकशे पंधरा. त्याच थर्मामीटरच्या हिशेबाने."

ती पुन्हा धार काढायला लागली. मला वाटलं हिला काही कळलं नाही, आणि मी उड्या मारत घरात आले. अक्काला अक्षरओळख नव्हती, हे माझ्या त्या वयातल्या शहाणपणाला पुरेसं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी पारा उतरू लागला. चव्वेचाळीस, मग बेचाळीस, मग एक्केचाळीस. मी दिसेल ते लिहीत गेले. घरात तर भट्टी होती, माठातलं पाणी कोमट लागत होतं, पण पेटी म्हणते ते खरं. आठ दिवसांच्या आकड्यांचा कागद नेहमीप्रमाणे वरच्या ऑफिसात गेला आणि तिकडून भाऊंच्या नावाने चिठ्ठी आली. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शेहेचाळीसच्या वर, आणि मधल्या पारोळ्यात एक्केचाळीस कसे? नोंदी प्रत्यक्ष पाहून केल्या आहेत काय?

भाऊंनी चिठ्ठी दोनदा वाचली. दोन तापत्या तव्यांच्या मधे आमची भाकरी तेवढी गार राहिली होती, हे त्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, "आधी नळी तपासू. बर्फ आण."

भर मे महिन्यात, सकाळी दहाच्या आत, मी सायकल घेऊन स्टँडवरच्या रसवंतीवर गेले आणि भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून बर्फाचा तुकडा आणला. घरी येईतो निम्मा उरला होता. आईने तो फडक्यात बांधून बत्त्याने कुटला, थर्मासमध्ये भरला, वर थोडं पाणी घातलं. पेटीतली साधी नळी, जिच्यात पारा मोकळेपणी वरखाली होतो ती, भाऊंनी खाटेवर बसून आपल्या हाताने त्यात उतरवली. बिबड्यांना आलेल्या बायका कामं टाकून ओसरीत जमल्या. अक्का सगळ्यांच्या पुढे, अगदी थर्मासला नाक लावून.

पारा खाली येऊ लागला. आधी भराभर, मग हळू. तीस. वीस. दहा. चार. बाहेर झळा वाहत होत्या, दाराची कडी हाताला भाजत होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती चकचकीत रेघ उतरत उतरत शून्यावर आली आणि थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. भाऊ म्हणाले, "आता बघत राहा." आम्ही बघत राहिलो. बर्फ वितळत होता, थर्मासचं तोंड उघडं होतं, खानदेशाचा सगळा उन्हाळा ओसरीत उभा होता, पण आत बर्फाचा एक खडा शिल्लक होता तोवर पारा शून्यावरून केसभरही हलला नाही. पुढे तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, हाच प्रयोग दरवर्षी मुलांना दाखवला, आणि दरवर्षी माझा आवाज त्या जागी कापला. जगात कुठेही जा, कुठल्याही गावात, बर्फ वितळताना हेच सांगणार. राजाच्या घरी आणि आमच्या ओसरीत एकच शून्य. देव बघितल्यासारखं वाटलं मला, दुसरा शब्द नाही.

अक्का मात्र दुसरंच बघत होती. "उतरना!" ती म्हणाली. "बठ्ठा उतरना! गार करं का उतरस." सगळा उतरला, म्हणत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो विसरले नाही. त्या वेळी मात्र तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बायका गेल्या. भाऊंनी अडचणीची नळीही कोमट पाण्यात या नळीशी ताडून बघितली, दोन्ही पुसून माझ्या हातात दिल्या आणि उशीला टेकले. "यंत्र बरोबर आहे," म्हणाले. मग छताकडे बघत विचारलं, "नंदा, खरं सांग. तू रोज पेटीपर्यंत गेलीस ना? का एखाद्या दिवशी कंटाळा आला म्हणून घरीच बसून आकडा लिहिलास? मी रागावणार नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी रोज साडेसातला गेले होते, श्वास रोखून धरला होता, डोळा पाऱ्याच्या बरोबरीत आणला होता. आईकडे बघितलं तर ती खाली मान घालून भांडी आवरत होती. भाऊंनी हात पुढे केला आणि मी किल्ली त्यात ठेवली. मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडतात तशी मी परकराचा बोळा करून रडले. आज एवढ्या वर्षांनी लिहिताना कळतंय की त्यांचा काही दोष नव्हता. नळी खरी ठरली की संशय माणसावरच येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईचा कायदा मोडला. पेटीजवळ कुणी जात असेल, गुरं अंगं घासत असतील, काही तरी असेल, ते मी बघणार होते. सगळे झोपल्यावर अनवाणीच निघाले, कारण चपलांचा आवाज झाला असता. पाय पोळत होते, मी सावलीच्या तुकड्यातून तुकड्यात उड्या मारत गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

अक्का पेटीजवळ उभी होती. म्हशीचीच गोणपाटं, हौदात बुडवून निथळती, तिने पेटीच्या माथ्यावर आणि चारी बाजूंना नीट पांघरली होती. लोट्याने ती पेटीच्या पायांभोवती पाणी शिंपत होती, आणि आई भाऊंच्या कपाळावरच्या पट्टीवर जसा हलका हात ठेवायची तसा हात तिने त्या ओल्या गोणपाटावर ठेवला होता.

"अक्का! हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "पट्टी ठेवस," म्हणाली. "तूच सांगं ना, गावले एकशे पंधरा ताप शे. मन्हा आंडोरले एकशे सहा व्हता, डॉक्टरनी काच दखाडी व्हती माले. एकशे सहाले तो वाचना नही. एकशे पंधराले कोन वाची, पोरी?"

मी उन्हात उभी होते आणि मला पाय पोळत असल्याचंही कळत नव्हतं. अक्काला जगातला एकच आकडा ठाऊक होता, आणि तो तिच्या मुलाचा शेवटचा आकडा होता. त्याच्यावर नऊ चढवून मीच तो तिच्या पदरात टाकला होता, नवी विद्या मिरवायला. आणि मी ते विसरूनही गेले होते. ती रोज दुपारी एकटी, डोक्यावर आग घेऊन, अख्ख्या गावाच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. दिवस कलला की गोणपाटं काढून न्यायची, म्हणून सकाळी मला काही दिसायचं नाही. आणि तिच्या हिशेबाने गुण येत होता. रोज मी आकडा मोठ्याने भाऊंना सांगायचे, तो ती ऐकत होती. उतरत होता ना!

तिला कसं सांगू की गोणपाटाने पेटी गार होते, गाव होत नाही? आणि भाऊंना सांगितलं तर मी सुटेन, पण अक्का सापडेल. मी तशीच घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटतं, मी सांगितलं नसतं. पण माझ्या रडक्या तोंडावरून तिने काय ओळखलं कोण जाणे. संध्याकाळी ती भाऊंच्या खाटेपाशी आपणच येऊन बसली.

"भाऊ, पोरले बोलू नको. पेटीवर पानी मी टाकं."

तिने सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिले. मला भीती होती ते हसतील, आणि त्याहून जास्त भीती होती की चिडतील. त्यांनी काहीच केलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. तो भाचा त्यांच्या मांडीवर गेला होता, हे मला आईने फार नंतर सांगितलं.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "गाव वाची. गावले सवय शे."

"खरं?"

"खरं. मी कधी खोटा आकडा सांगा का तुले?"

मग त्यांनी वही मागितली. त्या दिवसांचे आकडे त्यांनी खोडले नाहीत, कारण ते दिसलेले आकडे होते. शेवटच्या रकान्यात, जिथे शेरा लिहितात तिथे, त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'पेटीवर दुपारी ओली गोणपाटं होती. नोंदी धरू नयेत. निरीक्षकाने आकडे बरोबर वाचले आहेत.' निरीक्षक म्हणजे मी. लिहून झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "मी तुला तसं विचारायला नको होतं, बेटा," म्हणाले. पुढे पुष्कळ मानसन्मान झाले, निवृत्तीला शाल मिळाली, पण त्या शेऱ्याची सर कशालाच नाही.

अक्काने पेटीला पुन्हा हात लावला नाही. पण रोज सकाळी मी वही घेऊन आले की गोठ्यातून विचारायची, "आज कितला शे गावले?" मी सांगायचे, "शेहेचाळीस." गुणायचं आणि भागायचं मी तिच्यापुरतं सोडून दिलं होतं. ती क्षणभर थांबायची, मनात आपला तो आकडा लावून बघायची, आणि म्हणायची, "मंग कमी शे." आणि कामाला लागायची.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी जळगावला मेहरूणला राहायला आले तेव्हा अक्का माझ्याकडे होती. शेवटच्या आजारात एका दुपारी तिचं अंग फणफणलं. मी काखेतून थर्मामीटर काढून खिडकीशी नेला, डोळा पाऱ्याच्या बरोबरीत आणला. एकशे चार. ती माझ्याकडे बघत होती.

"कितला शे?"

बत्तीस वजा केले, पाचने गुणले, नऊने भागले. इतक्या घाईत आणि इतकं बरोबर गणित मी कधी केलं नाही.

"चाळीस, अक्का."

"गावपेक्षा कमी शे," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. मी फडकं भिजवलं, पिळलं, आणि तिच्या कपाळावर ठेवलं.